जेराल्ड ब्रेनन यांची स्पेनविषयक पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत?

माझ्या मते ‘साउथ फ्रॉम ग्रॅनाडा’पासून (१९५७) सुरुवात करावी. पहिल्या महायुद्धात लढून आलेले हे ब्रिटिश लेखक १९२० साली दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रांतातील येगेन या डोंगरी खेड्यात राहायला गेले. तेथील सण, समजुती आणि माणसे त्यांनी इतक्या जवळून टिपली आहेत की पुढील इतिहास समजण्याची पूर्वतयारी आपोआप होते. त्यानंतर ‘द स्पॅनिश लॅबिरिंथ’ (१९४३) घ्यावे. स्पेनमधील यादवी युद्धाची (१९३६–३९) मुळे जमिनीची मालकी, चर्च आणि अराजकतावादी चळवळ यांत शोधणारा हा ग्रंथ काहीसा जड आहे, पण त्यांचे सर्वांत मोलाचे काम हेच. त्या युद्धानंतर स्पेनचा हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या राजवटीमुळे त्याचा स्पॅनिश अनुवाद १९६२ मध्ये पॅरिसहून काढावा लागला. स्पॅनिश साहित्याचा इतिहास (१९५१) मात्र सलग न वाचता आवडत्या लेखकांपुरता चाळला तरी चालेल.