‘न्यायी समाज’ की ‘न्याय्य समाज’?

तत्त्वज्ञानविषयक लेखनात ‘न्यायी समाज’ आणि ‘न्याय्य समाज’ अशी दोन्ही रूपे आढळतात. त्यांपैकी कोणते शुद्ध, आणि ‘न्यायिक’ कुठे वापरावे, असा प्रश्न आहे. व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही शब्द शुद्धच आहेत, परंतु ते एकमेकांच्या जागी वापरले की विषयातला एक मोलाचा भेद पुसला जातो.

‘न्यायी’ म्हणजे न्यायाने वागणारा. हे कर्त्याचे विशेषण आहे: न्यायी राजा, न्यायी पंच. ‘न्याय्य’ हा शब्द पाणिनीच्या ‘धर्मपथ्यर्थन्यायादनपेते’ (४.४.९२) या सूत्राने सिद्ध होतो, जे न्यायापासून ढळलेले नाही, ते न्याय्य. त्यामुळे मागणी, मोबदला, वाटणी या गोष्टी न्याय्य असतात. ‘न्याय हक्क’ असे सर्रास लिहिले जाते, तिथेही ‘न्याय्य हक्क’च हवे, बोलताना दुसरा ‘य’ विरून जातो, म्हणून लिहिताना तो गाळू नये.

हा भेद केवळ प्रत्ययांचा नाही. अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (२००९) या ग्रंथात एका बासरीचे उदाहरण दिले आहे. तिच्यावर तीन मुले हक्क सांगतात: एकीलाच ती वाजवता येते, दुसऱ्याजवळ खेळायला काहीच नाही, आणि तिसरीने कित्येक महिने खपून ती घडवली आहे. निवाडा करणारा पुरेपूर न्यायी असला, कोणाकडेही त्याचा ओढा नसला, तरी पेच सुटत नाही, कारण तिन्ही दाव्यांमागे न्यायाचे एकेक सबळ तत्त्व उभे आहे आणि बासरी मात्र एकच आहे. न्यायी माणसाच्या हातूनही न्याय्य काय ते सहजी ठरत नाही, हे सांगायला मराठीत दोन वेगळे शब्द तयार आहेत. ते आपण जपले पाहिजेत.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली केलेल्या मांडणीत भर न्याय्य काय ते ठरवण्याच्या रीतीवर आहे. आपण श्रीमंत की गरीब, सबळ की दुर्बळ, हे कोणालाच ठाऊक नसताना सर्वांना जी तत्त्वे मान्य होतील, ती न्याय्य. अशा रीतीला मी ‘रास्त’ म्हणेन. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थच ‘सरळ’ असा आहे. ही तत्त्वे समाजाच्या पायाभूत संस्थांना लागू करायची असल्यामुळे तिथे ‘न्याय्य समाजव्यवस्था’ लिहावे. माणसांचा समुदाय म्हणून समाज कसा वागतो हे सांगायचे असेल, तर ‘न्यायी समाज’ योग्य.

‘न्यायिक’चा संबंध न्यायदानाच्या यंत्रणेशी आहे, न्यायिक निर्णय अन्याय्यही असू शकतो. ‘समन्यायी वाटप’ या प्रयोगात मात्र ‘न्यायी’सारखे ‘-ई’ प्रत्ययाचे विशेषण कर्त्याला न लागता वाटपाला लागलेले दिसते. तो वरच्या नियमाला अपवाद असला, तरी इतका रुळला आहे की बदलण्याचे कारण नाही.