वुडपिजनसाठी बारा बोअरचं कोणतं काडतूस घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याने रेप या तेलबियांच्या पिकावर उतरणाऱ्या वुडपिजनचा, म्हणजे तिकडच्या रानकबुतरांचा, बंदोबस्त करायला बोलावलंय, हातात बारा बोअरची जुनी दुनळी आहे, पण दुकानात २४ ग्रॅमपासून ३६ ग्रॅमपर्यंत छर्ऱ्यांच्या भाराची आणि ५ नंबरपासून ९ नंबरपर्यंत इतकी काडतुसं आहेत की कोणतं उचलावं कळत नाही. एक जण म्हणतो जड भारच घ्या, दुसरा मित्र म्हणतो क्लेची, म्हणजे मातीच्या तबकड्या फोडायच्या खेळाची, काडतुसं पुरतात.

मी घेतो ते सांगतो: २८ किंवा ३० ग्रॅम, ६ नंबर छर्रा, फायबर वॉड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा), आणि नळीला क्वार्टर चोक (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली आवळ; क्वार्टर सैल, हाफ त्याहून घट्ट, फुल सगळ्यात घट्ट). डिकॉय, म्हणजे नकली कबुतरं, मांडून आडोशातून बार टाकायचा असेल तर यापलीकडे जायची गरज मला तरी कधी भासलेली नाही. पण हेच का, हे कळल्याशिवाय नुसता आकडा पाठ करून उपयोग नाही, कारण तुमची नळी वेगळी, चोक वेगळा.

पक्षी जागच्या जागी मरायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. अंगावर पुरेसे छर्रे बसले पाहिजेत आणि त्यातल्या प्रत्येकात आत शिरण्याइतका जोर असला पाहिजे. नंबर वाढला की छर्रा बारीक होतो. ब्रिटिश मापात शिशाचा ५ नंबर २.८ मिलीमीटरचा, ६ नंबर २.६, ७ नंबर २.४ आणि ८ नंबर २.२ मिलीमीटरचा. एका औंसात, म्हणजे साधारण २८ ग्रॅममध्ये, ५ नंबरचे २२० छर्रे बसतात, ६ चे २७०, ७ चे ३४० आणि ८ चे ४५०.

आता चोकचा हिशोब लावा. ४० यार्डांवर ३० इंच व्यासाचं वर्तुळ धरलं, तर क्वार्टर चोकमधून निघालेले सुमारे ५५ टक्के छर्रे त्यात पडतात, हाफमधून ६० टक्के, फुलमधून ७० टक्के. वुडपिजनएवढ्या पक्ष्यासाठी त्या वर्तुळात निदान १२० ते १३० छर्रे असावेत असं धरतात. २८ ग्रॅम ६ नंबर क्वार्टरमधून सुमारे १४५ देतो, म्हणजे ४० यार्डांवरही हाताशी थोडं राहतं. तेवढाच भार ५ नंबरचा घेतला तर आकडा १२० च्या आसपास येतो. प्रत्येक छर्रा जोरकस, पण पसरलेल्या छर्ऱ्यांचं जाळं विरळ, आणि विरळ जाळ्यातून कबूतर एखादाच छर्रा घेऊन निघून जातं. ७ नंबरने जाळं छान दाट होतं, वीस-तीस यार्डांवर तो उत्तम चालतो, पुढे मात्र छर्ऱ्याचा दम कमी पडायला लागतो. ६ नंबरला या दोन्हीचा मेळ बसतो, म्हणूनच तो इतका रुळलाय.

हे सगळं कागदावरचं गणित झालं. खरं उत्तर तुमची स्वतःची नळी देते, आणि ते तिच्याकडून काढून घ्यायला अर्धी दुपार पुरते. चार फूट लांब-रुंद कागद लाकडी चौकटीवर ताणा, मधोमध ठिपका काढा, मागे सुरक्षित मातीचा उतार आहे याची खात्री करा आणि ४० यार्ड मोजून बार टाका. मग ठिपका विसरा. छर्रे जिथे सगळ्यात दाट पडलेत तिथे मध्य धरून ३० इंची वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. मोजलेल्या भोकावर पेनाने खूण करत गेलं तर घोळ होत नाही. एका बारावरून निष्कर्ष काढू नका, एकाच काडतुसाचे दोन कागदही वेगळे येतात. निदान पाच कागद करून सरासरी काढा.

आकड्याइतकंच कागदाचं रूप बघा. तळहाताएवढी मोकळी जागा कुठे राहते का? वर्तुळाच्या एका बाजूला छर्ऱ्यांचा गोळा आणि दुसरी बाजू रिकामी असं होतं का? माझ्या बंदुकीतून ३० ग्रॅमचं एक काडतूस नेहमी असं एकीकडे झुकलेलं जाळं देतं, त्याच कंपनीचं २८ ग्रॅमचं मात्र एकसारखं पसरतं. दुकानात उभं राहून हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून आधी दोन-तीन प्रकारच्या एकेक डब्या घ्या, कागदावर बघा, आणि जे पटेल ते मग खोक्याने घ्या.

जड भाराबद्दल. ३६ ग्रॅम घेतले की छर्रे वाढतात हे खरं, पण खांद्यावरचा धक्काही वाढतो. बंदुकीचं वजन भाराच्या ९६ पट असावं, असा जुन्या ब्रिटिश बंदूककारांचा नियम आहे. २८ ग्रॅमसाठी सुमारे २.७ किलो, ३२ साठी ३.१, आणि ३६ साठी जवळपास साडेतीन किलो. डिकॉयवर चांगला दिवस लागला तर काडतुसं भराभर संपतात. हलक्या बंदुकीतून ३६ ग्रॅम उडवत राहिलात की दुपारपर्यंत खांदा बार सुटण्याआधीच आकसायला लागतो, गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि नेम चुकतो. भार वाढवून मिळवलेलं सगळं तिथे जातं. डबीवरच्या वेगाच्या आकड्याचंही तेच. गोल छर्ऱ्याचा वेग हवेत झपाट्याने पडतो. नळीच्या तोंडाशी सेकंदाला शंभर फुटांचा फरक असला तरी ४० यार्डांवर त्यातला थोडाच उरतो. त्यासाठी धक्का सोसू नका.

क्लेच्या काडतुसांबद्दल तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. २८ ग्रॅम ७ नंबर, फार तर साडेसात, अगदी जवळ उतरणाऱ्या पक्ष्यांवर चालतं. ८ आणि ९ नंबर मात्र नकोच. मातीची तबकडी फुटायला एक टवका उडाला तरी पुरतो, जिवंत पक्ष्याच्या बाबतीत छर्रा मर्मापर्यंत पोचावा लागतो. कबुतराची पिसं सैल असतात, बारीक छर्ऱ्यांनी पिसांचा झुपका उडतो, पक्षी उडत राहतो आणि मैलभर पुढे कुठल्या तरी कुंपणात तडफडत मरतो. हे मला सहन होत नाही, आणि काडतूस निवडताना माझा पहिला विचार तोच असतो.

म्हणूनच अंतराची शिस्त काडतुसाइतकीच महत्त्वाची. आडोशात बसण्याआधी ३५ यार्ड पावलांनी मोजून तिथे काठी रोवा. त्या काठीपलीकडचा पक्षी तुमचा नाही. डिकॉयची मांडणी अशी करा की वाऱ्यासमोर उतरणारा पक्षी वीस ते तीस यार्डांत येईल, मग २८ ग्रॅमला काही कमी पडत नाही. संध्याकाळी झाडांवर मुक्कामाला येणारे पक्षी उंच असतात, तिथे ३२ ग्रॅम ६ नंबर आणि हाफ चोक रास्त आहे. काही जण ५ नंबर घेतात. त्यांचा चोक घट्ट असेल तर माझी हरकत नाही.

वॉड फायबरचंच, कारण प्लॅस्टिकचे पेले शेतात पडून राहतात आणि शेतकऱ्याला ते नको असतात. एकदा त्याचं मन उठलं की पुन्हा आमंत्रण नाही.

तुमची दुनळी जुनी आहे असं लिहिलंय, म्हणून हे नीट वाचा. काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते. त्यामुळे ७० मिलीमीटरचं काडतूस ६५ मिलीमीटरच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसायच्या जागेत, अलगद बसतं आणि बसलं म्हणजे ठीक असं वाटतं. बार होताना मात्र तोंड उलगडायला जागा नसते आणि आतला दाब वाढतो. नळ्यांच्या बुडाशी प्रूफच्या, म्हणजे नळीची ताकद तपासल्याच्या, खुणा असतात, त्या बंदूककाराकडून वाचून घ्या आणि त्याला नळ्यांची जाडीही मोजायला सांगा. चेंबर ६५ चं निघालं तर डबीवर तसं स्पष्ट लिहिलेलीच काडतुसं घ्या.

शिशाचं भवितव्यही ध्यानात ठेवा. शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आणत असल्याचं ब्रिटिश सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं, तीन वर्षांची मुदत देऊन ती २०२९ पासून पूर्ण लागू व्हायची आहे. इंग्लंडमध्ये बदकांवर शिसं १९९९ पासूनच चालत नाही, तेव्हा कबुतरांच्या नादात डोक्यावरून बदक गेलं तर ते जाऊ द्या. मांस घरी शिजवणार असाल, आणि वुडपिजन खायला फार चांगला, तर लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटात शिशाने मारलेला पक्षी नको.

स्टीलकडे वळताना छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा. स्टील शिशापेक्षा बरंच हलकं, म्हणून शिशाच्या ६ च्या जागी स्टीलचा ४, म्हणजे ३.१ मिलीमीटर. हलकं असल्यामुळे २८ ग्रॅममध्ये सुमारे २४० छर्रे मावतात, शिवाय स्टीलचं जाळं त्याच चोकमधून जास्त घट्ट पडतं, म्हणून क्वार्टर पुरतो. हाफपेक्षा घट्ट चोक टाळा. नायट्रो प्रूफ, म्हणजे आधुनिक बिनधुराच्या दारूसाठी तपासणी, झालेल्या सुस्थितीतल्या बंदुकीतून साधं स्टील चालतं, हाय परफॉर्मन्स लिहिलेल्या काडतुसांना मात्र फ्लर-द-ली म्हणजे लिलीच्या फुलाची खूण असलेलीच बंदूक हवी. तुमची बंदूक जुनी, पातळ नळ्यांची निघाली तर बिस्मथ या धातूच्या छर्ऱ्यांचं काडतूस घ्या. महाग पडतं, पण नळीला मऊ असतं. आणि स्टीलची चाचणी लोखंडी पत्र्यावर कधीही करू नका, छर्रे उसळून तोंडावर येतात.

शॉटगन सर्टिफिकेट तुमच्याकडे असणारच, त्याशिवाय दुकानदार काडतुसं हातात ठेवणार नाही. पण इंग्लंडमध्ये पिकाच्या नुकसानीसाठी वुडपिजन मारायचे तर जीएल४२ हा सर्वसाधारण परवानाही वाचून ठेवा, त्यातल्या अटी तुम्हाला लागू होतात. वेल्स आणि स्कॉटलंडचे परवाने वेगळे आहेत. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथे वन्यपक्ष्यांची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, हे उत्तर तिथे वापरायचं नाही.

शेवटचं, तुमच्यासोबत येणाऱ्या मित्राकडे वीस बोअर आहे म्हणून. त्याची काडतुसं तुमच्या पट्ट्यात, खिशात, पिशवीत कुठेही येऊ देऊ नका. वीस बोअरचं काडतूस बारापेक्षा बारीक असतं, ते बाराच्या चेंबरमधून पुढे घसरतं आणि नळीत अडकून बसतं. घोडा दाबल्यावर काहीच होत नाही, माणसाला वाटतं भरायचं राहिलं, तो मागून बाराचं काडतूस घालतो आणि नळी हातात फुटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. आडोशात दोघांच्या पिशव्या दोन टोकांना ठेवा आणि प्रत्येक वेळी भरायला बंदूक उघडल्यावर नळ्यांतून आरपार बघून मगच भरा.