उद्योजक निर्णय आकड्यांवर घेतात की मनाच्या कौलावर?

तुमचा प्रश्न असा की, कंपनीच्या एमडींनी बेदाण्याचं नवं कोल्ड स्टोरेज बांधायचं ‘मला आतून वाटतंय’ एवढ्यावर ठरवून टाकलं. मोठ्या हुद्द्यावरची माणसं खरंच असंच ठरवतात का, आणि मग एमबीएत शिकवतात त्याचं काय करायचं.

बहुतेक जण असंच ठरवतात. मी सांगलीत बँक कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट बनवून देतो, त्यामुळे हे रोज बघतो. माणूस माझ्याकडे येतो तेव्हा प्लॉटचा विसार देऊन झालेला असतो, मशिनरीचं कोटेशन खिशात असतं, कधीकधी भूमिपूजनाचा मुहूर्तसुद्धा निघालेला असतो. मग आकडे बसतात. कर्जाचे हप्ते फिटतील हे दाखवणारा डीएससीआर (म्हणजे कमाई हप्त्यांच्या किती पट होईल तो आकडा) दीडच्या वर यायला हवा, म्हणून प्रकल्पाच्या क्षमतेचा वापर पहिल्या वर्षी 60 टक्के, दुसऱ्या वर्षी 70, तिसऱ्या वर्षी 80 असा धरायचा. बाहेरच्याला ती जाडजूड फाईल बघून वाटतं, केवढा अभ्यास केलाय! निर्णय कधीच झालेला असतो, अभ्यास मागाहून आलेला असतो. तेव्हा तुमच्या पुस्तकांत रंगवलेलं आकडे विरुद्ध मन हे भांडण मला इथे क्वचितच दिसलं. मन ठरवतं, आकडे सही करतात.

पण म्हणून मनाचा कौल टाकाऊ ठरत नाही. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला एकदा उभे राहा. खरेदीदार पोत्यातून हळकुंड उचलतो, कडकन मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो आणि बोली लावून पुढच्या ढिगाकडे जातोसुद्धा. कसं ओळखलं विचारलं तर म्हणतो, “बघितलं की कळतंय, त्यात काय?” सांगता येत नाही, पण येतं. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्राचं नोबेल (1978) मिळालेल्या अभ्यासकाचं म्हणणं हेच होतं की, अंतःप्रेरणा म्हणजे मुख्यतः ओळख. त्यांनी आणि विल्यम चेस यांनी 1973 साली बुद्धिबळपटूंवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर कसलेला खेळाडू ती बरीचशी बिनचूक पुन्हा मांडतो. तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले की त्याची नवशिक्यावरची आघाडी जवळजवळ संपते. स्मरणशक्ती तीच, ओळखीचं मात्र काही उरलेलं नसतं.

आता तुमच्या साहेबांच्या कोल्ड स्टोरेजकडे या. डॅनियल काहनेमान अंतःप्रेरणेकडे संशयाने बघणारे, तर गॅरी क्लाइन आगीच्या बंबावरच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास करून तिचं कौतुक करणारे. दोघांनी 2009 साली मिळून एक निबंध लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं : त्या कामात काही नियमितपणा हवा, आणि चूक-बरोबर पटकन कळून शिकायची संधी वारंवार मिळायला हवी. हळदीच्या खरेदीदाराला दोन्ही मिळतं. माल दळायला गेला की रंगाची फसगत थोड्याच दिवसांत समजते, खिशाला बसते आणि डोक्यात राहते. बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा बांधतो. ते चाललं की नाही हे कळायला काही वर्षं जातात, आणि तोवर पाऊस, भाव, व्याजदर, शेजारी उभी राहिलेली आणखी स्टोरेजेस यांत नेमकं कशानं बिघडलं ते सांगता येत नाही. तिथे शिकणार काय? गंमत म्हणजे माणूस तोच असतो आणि सकाळच्या सौद्यातला आत्मविश्वास दुपारी बांधकामाच्या निर्णयातही तसाच येतो. आतून वाटणं दोन्हीकडे सारखंच वाटतं. मला यात सर्वांत धोक्याचं हेच दिसतं.

थोडक्या अनुभवावर मन किती ठाम होतं, हे महापुरानंही दाखवलं. 2005 साली सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. पेठेतल्या अनेकांच्या डोक्यात तीच शेवटची रेघ होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं.

यावर आमच्याकडे कुणीतरी हमखास किर्लोस्करवाडीचं उदाहरण देतं. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला. कोणत्या बँकेनं तो प्रोजेक्ट पास केला असता? खरंय. पण त्याआधी ते मुंबईत तांत्रिक संस्थेत शिकवत होते, बेळगावात कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करून विकत होते, आणि माळ द्यायला औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी पाठीशी होते. शिवाय ज्यांचा अंदाज फसला त्यांच्या नावाचं रेल्वे स्टेशन कुणी काढत नाही, त्यामुळे ते आपल्याला आठवत नाहीत.

साहेबांशी वाद घालू नका, ‘आकडे बघा’ असंही म्हणू नका. आकडे कसे बसतात हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. क्लाइन यांचीच एक युक्ती वापरून बघा. बैठकीत सगळ्यांना सांगायचं की, समजा 3 वर्षं झालीत आणि स्टोरेज बंद पडलंय, का पडलं ते प्रत्येकानं कागदावर लिहा. एमडींसमोर ‘चालणार नाही’ म्हणायला न धजणारा स्टोअरकीपरसुद्धा हे लिहितो, कारण तो विरोध करत नसतो, दिलेलं काम करत असतो. बेदाण्याच्या बाजारात रोज फिरणाऱ्या माणसाला त्या बैठकीला आवर्जून बोलवा, कारण या विषयात खरा कौल असलाच तर त्याच्याकडे असेल. आणि हे सगळं फाईल बँकेत जाण्याआधी करा. एकदा प्रोसेसिंग फी भरली आणि पाहुण्यारावळ्यांत बातमी फुटली की मालकाला माघार घेणं जड जातं, आणि तुम्हाला पगार तर तिथूनच घ्यायचाय.