डबा तसाच परत येतो

प्रश्न: मुलगा ८ वर्षांचा, एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) ६ महिने मिथाइलफेनिडेटची गोळी चालू आहे. डब्यातली पोळी नुसती कुरतडलेली असते, वजन वाढतच नाहीये. उंची पण खुंटेल का हो?

उत्तर: ताई, काळजी रास्त आहे तुमची. या गोळीने भूक मरते आणि काही मुलांची उंची एक-दोन सेंटीमीटर मागे राहू शकते. म्हणून सकाळी गोळीच्या आधीच पोटभर द्या, तूप लावलेलं थालीपीठ, अंडं, दूध, आणि संध्याकाळी असर उतरला की पोरं खा खा करतात तेव्हा नीट जेवू घाला, रात्री ९ ला परत मागितलं तरी नाही म्हणू नका. दर ६ महिन्यांनी उंची मोजा, या वयात वर्षाला साधारण ५-६ सेंटीमीटर वाढायला हवी. कमी वाटली तर डॉक्टरांशी बोला, गोळी स्वतःहून बंद नका करू प्लीज.