डिझायर घ्यावी की अमेझ?

प्रश्न : मी अमळनेरला राहतो आणि नोकरीसाठी रोज स्वतःच्या वाहनाने धुळ्याला जातो, वर्षाकाठी सुमारे 15 हजार किलोमीटर होतात. मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकते, त्यामुळे अधूनमधून सहकुटुंब कन्नड घाट चढावा लागतो. मारुती सुझुकीची डिझायर आणि होंडाची अमेझ या दोन पेट्रोल गाड्यांवर विचार येऊन थांबला आहे. आपले मत काय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपला रोजचा प्रवास सपाट रस्त्याचा आहे आणि घाट अधूनमधून येतो, म्हणून आधी इंधनाचा हिशेब पाहू. मॅन्युअल गिअरच्या डिझायरसाठी कंपनी लिटरला 24.79 किलोमीटर सांगते, तर अमेझसाठी 18.65. प्रत्यक्षात, विशेषतः वैशाख वणव्यात एसी सतत चालू असताना, दोन्ही गाड्या याहून कमीच देतील; पण कंपन्यांचेच आकडे धरले तर आपल्या वापरात वर्षाला जवळपास 200 लिटरचा फरक पडतो. लिटरला 105 रुपये धरल्यास ही रक्कम 21 हजारांच्या घरात जाते. शिवाय 2024 च्या अखेरीस नव्या रूपात बाजारात आल्या तेव्हाही डिझायरची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत 6.79 लाख होती, तर अमेझची 8 लाखांच्या जवळ. सप्टेंबर 2025 मध्ये लहान गाड्यांवरील जीएसटी 18 टक्क्यांवर आला असल्याने जुनी दरपत्रके बाजूला ठेवावीत आणि दोन्ही विक्रेत्यांकडून समान सोयींच्या मॉडेलची ऑन-रोड किंमत लेखी घ्यावी.

मग अमेझ का घ्यावी? तिचे इंजिन चार सिलिंडरचे, 90 पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे एकक) आहे. डिझायरचे तीन सिलिंडरचे, सुमारे 82 पीएसचे. ओढीचा (टॉर्कचा) आकडा मात्र दोघींचा जवळपास सारखाच आहे (डिझायर 112, अमेझ 110 न्यूटन मीटर), त्यामुळे केवळ अश्वशक्तीवर भाळून घाटासाठी अमेझ निवडू नये. खरा फरक जाणवतो तो इंजिनाच्या शांतपणात, आणि त्याहून अधिक ऑटोमॅटिक गिअरमध्ये. डिझायरच्या एएमटीत (मॅन्युअल गिअरच यंत्राने आपोआप बदलणारी पद्धत) चढावर, पुढे ट्रक रेंगाळत असताना, गिअर बदलताना हिसका जाणवतो. अमेझचा सीव्हीटी (टप्पे नसलेला ऑटोमॅटिक गिअर) तेथे सलग ओढतो. घरातील कुणी नव्याने गाडी शिकणार असेल आणि ऑटोमॅटिकच हवी असेल, तर आमचा कौल अमेझला आहे.

सामानाच्या बाबतीतही अमेझ थोडी पुढे आहे. तिची डिकी 416 लिटरची, डिझायरची 382 लिटरची. गावाकडून गव्हाची पोती किंवा हिवाळ्यात भरिताची वांगी आणणाऱ्या घरात हा फरक दिसतो. सीएनजी घेतल्यास मात्र टाकी डिकीतच बसते आणि पोत्यांचा प्रश्न निकालात निघतो.

सुरक्षिततेत डिझायरला नोव्हेंबर 2024 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेने प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे दिले आहेत; सहा एअरबॅग दोन्ही गाड्यांच्या सर्व मॉडेलमध्ये आहेत. डिझायरच्या वरच्या मॉडेलमधील सनरूफसाठी जळगाव-धुळ्याच्या उन्हात जादा पैसे मोजण्याचे कारण आम्हांला तरी दिसत नाही.

आपल्या वापरासाठी मॅन्युअल गिअरची, मधल्या मॉडेलची डिझायर घ्यावी. चाचणी मात्र भर दुपारी, घरातील सर्वांना बसवून आणि एसी लावून घ्यावी. विक्रेत्याने एकट्यालाच सकाळच्या गारव्यात फेरी मारून आणायचे ठरवले, तर नम्रपणे वेळ बदलून मागावी.