मुंबईत नाश्ता आणि ब्रंचसाठी तुमच्या आवडत्या जागा कोणत्या?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की नागपूरहून येताय, दादरला उतरताय, शनिवार-रविवार अशा दोन सकाळी हाताशी आहेत, आई सोबत आहेत आणि त्यांचा शनिवारचा उपवास असतो. शिवाय 'ब्रंचचंही एखादं ठिकाण सुचवा'. एवढा तपशील दिलात ते फार बरं केलंत. नुसतं 'मुंबईत कुठे खावं' असं विचारलं असतंत तर मी गप्प बसलो असतो, कारण बोरिवलीत राहणाऱ्याला कुलाब्यातलं हॉटेल सुचवण्यात काही अर्थ नसतो. तो तिथे पोचेपर्यंत जेवायची वेळ झालेली असते.

नाश्त्याच्या बाबतीत माझा नेम ठरलेला आहे. आधी स्टेशन ठरवायचं, मग वेळ, हॉटेलचं नाव सगळ्यात शेवटी. या शहरात जो तो समाज कुठल्या ना कुठल्या स्टेशनच्या आसपास वसला आणि आपला नाश्ता तिथेच घेऊन बसला. त्यामुळे स्टेशन बरोबर निवडलं की दोन-चार हॉटेलं सोबत आपोआप मिळतात, आणि एकाकडे गर्दी असली तर शेजारी जाता येतं.

शनिवारी दादरच करा. रात्रीच्या गाडीचा शीण असेल, आणखी कुठे जाऊ नका. स्टेशनच्या पश्चिमेला, पुलाखाली फुलबाजार आहे. सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, तरी पाच मिनिटं डोकावून या. मग आईंसाठी टॅक्सी करा आणि गोखले रोडवर उतरा. 'प्रकाश' आणि 'आस्वाद' ही दोन्ही ठिकाणं त्याच रस्त्यावर आहेत.

उपवासाचं असेल तर मी डोळे मिटून 'प्रकाश' म्हणेन. तिथला साबुदाणा वडा बाहेरून खरपूस आणि आतून मऊ असतो, दाणा अख्खा लागतो, पिठासारखा गिळगिळीत होत नाही. त्याच्यावर पीयूष. तुमच्याकडे पीयूष फारसं मिळत नसेल तर सांगतो, श्रीखंड आणि ताक घुसळून, जायफळ-केशर लावलेलं ते दाट पेय आहे. गोड आहे, एक पेला दोघांत पुरतो. मात्र आईंचा उपवास कडक असेल तर मागवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: वड्यात कोथिंबीर आहे का, आणि कढई उपवासाची वेगळी आहे का. कुठल्याही हॉटेलात हे विचारायला लाजू नका. दादरच्या वेटरांना हा प्रश्न रोज विचारला जातो, कोणी तोंड वाकडं करत नाही.

'आस्वाद'ची मिसळ 2015 साली लंडनमधल्या एका पुरस्कारात जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरली. तेव्हापासून बाहेरगावचे लोक ती खायला रांग लावतात. मिसळ चांगली आहे, त्यात वाद नाही. पण तुम्ही सावजी खाणारे लोक, ती तुम्हाला बाळबोध वाटेल. मी तिथे गेलो की थालीपीठ मागवतो, लोण्याचा गोळा वर घेऊन. आणि तर्री पोहे शोधू नका. मुंबईत पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर पडते, रस्सा पडत नाही. आईंना हे आवडेल, तुम्हाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटेल. खाऊन झाल्यावर शिवाजी पार्क चालण्याच्या अंतरावर आहे, कट्ट्यावर बसा.

रविवार मात्र माटुंग्यासाठी राखून ठेवा. सगळ्या यादीतून मला एकच सकाळ निवडायची झाली तर मी हीच निवडेन.

दादरहून मध्य रेल्वेची धिमी लोकल पकडली की पुढचंच स्टेशन. (पश्चिम रेल्वेवर 'माटुंगा रोड' नावाचं वेगळं स्टेशन आहे. चुकून तिकडे गेलात तर पूल ओलांडून यावं लागेल, आईंना नको.) हे मध्य रेल्वेचं माटुंगा स्टेशन 2017 पासून पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात, देशातलं असं पहिलंच.

हा भाग असा मद्रासी का झाला, हे थोडक्यात सांगतो, कारण खाताना त्याचा उपयोग होतो. 1896 ला मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्या हे त्याचं एक कारण मानलं गेलं आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याकडची शेतं आणि मोकळी जमीन घेऊन आखीव रस्ते आणि प्लॉट पाडले. पुढे तिथे दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेले लोक राहायला आले. त्यात टायपिंग-शॉर्टहँड शिकून कचेऱ्यांत लागलेले बरेच होते, अनेक जण एकटे. त्यांना सकाळी लोकल पकडण्याआधी गरम इडली आणि कॉफी हवी होती. आजही तिथलं हॉटेल तुम्हाला उगाच बसवून ठेवत नाही. ऑर्डर दिल्यावर बशी इतक्या लवकर समोर येते की वाटतं, शेजारच्या टेबलाची आपल्याकडे आली.

स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलात की जवळच 'राम आश्रय' आहे, 1939 पासूनचं. उजाडायच्या आत उघडतं. टेबल अनोळखी माणसांसोबत वाटून घ्यावं लागतं, ते गृहीत धरा. फळ्यावर त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले असतात आणि शिरा रोज एकच नसतो. अननसाचा असेल तर सोडू नका. उपमा मागवा. उपमा हा पदार्थ घरी आजारपणात खाल्ल्यामुळे आपल्या मनातून उतरलेला असतो, इथे तो पुन्हा चढतो. इडली मागवताना 'डिप' म्हणालात तर ती सांबारात बुडूनच येते. कुरकुरीत वडा आवडत असेल तर 'सांबार वेगळं' असं आधी सांगा.

कॉफी पेला आणि डवऱ्यात, म्हणजे स्टीलच्या पसरट वाटीत, येते. पेला उचलून लगेच तोंडाला लावू नका, स्टीलचा काठ चटका देतो. डवऱ्यात ओता, परत पेल्यात ओता, दोनदा-तीनदा असं केलं की फेसही येतो आणि पिण्याजोगी होते. आईंना बिनसाखरेची हवी असेल तर आधी सांगा.

इथे पोट भरू नका. माटुंग्यात सगळे हीच चूक करतात, एका ठिकाणी मसाला डोसा हाणतात आणि पुढे नुसते बघत फिरतात. दोघातिघांत दोन बशा घ्या आणि उठा. भाऊ दाजी रोडच्या दिशेने चालायला लागा. वाटेत फुलांच्या गजऱ्यांची दुकानं, देवळं, आणि 'म्हैसूर कन्सर्न्स' नावाचं कॉफीचं दुकान लागेल. दुकान दिसायच्या आधी वास येतो. तिथे तुमच्यासमोर बिया दळून देतात. चिकोरी किती टक्के हवी ते विचारतील. घरी फिल्टर असेल तर थोडी घाला, कॉफीला अंग येतं.

मग 'कॅफे मद्रास', 1940 सालचं. नाव मद्रास असलं तरी चालवणारं कामत कुटुंब किनारी कर्नाटकातलं, त्यामुळे सांबारात गुळाची चाहूल लागते. चेन्नईच्या सांबाराशी तुलना करून नावं ठेवणारे भेटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. रविवारी इथे नाव नोंदवून फुटपाथवर उभं राहावं लागतं. आईंसाठी आजूबाजूला कुठे पायरी मिळते का बघा. आत गेल्यावर रस्सम वडा घ्या. मिरीचा झटका असलेलं पातळ, आंबट रस्सम आणि त्यात भिजत पडलेला वडा. वड्याची कड अजून कुरकुरीत असतानाच पहिला घास घ्या, मधला भाग तोवर रस्सम प्यायलेला असतो. जोडीला नाचणीचा डोसा किंवा पोडी इडली, म्हणजे सुक्या चटणीच्या पुडीत घोळवलेली. सोमवारी हे बंद असतं.

रांग फारच असेल तर महेश्वरी उद्यानाजवळच्या 'कॅफे म्हैसूर'कडे वळा. तिथे फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेली इडली मिळते, तिला खोट्टो म्हणतात. पानाचा वास इडलीत उतरतो. मला ती चटणीपेक्षा नुसत्या खोबरेल तेलाबरोबर आवडते, पण ही माझी खोड आहे.

आता घड्याळाचं. साडेसात-आठपर्यंत माटुंग्यात असा आणि साडेदहाच्या आत निघा. रविवारी मध्य रेल्वेवर बऱ्याचदा माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असतो, साधारण अकरानंतर. तो सुरू झाला की गाड्या उशिरा आणि गच्च. आदल्या संध्याकाळी बातम्यांत वेळापत्रक येतं, ते बघून ठेवा, पश्चिम रेल्वेचंही.

आणि ब्रंचचं घोडं नेमकं इथेच अडतं. ब्रंच म्हणजे अकरा-साडेअकराचं खाणं, आणि मुंबईच्या जुन्या नाश्त्याच्या हॉटेलांत ती सगळ्यात निरुत्साही वेळ. सकाळचे घाणे संपलेले असतात, जेवणाच्या थाळीची तयारी चाललेली असते, गरम म्हणून जे येतं ते पुन्हा गरम केलेलं. त्यामुळे उशिरा उठायचंच असेल तर इडली-वड्याचा नाद सोडा आणि इराणी हॉटेल गाठा. इराण्याला वेळेचं बंधन नाही.

धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर 'कयानी' आहे, 1904 पासून. दादरहून पश्चिम रेल्वेने मरीन लाइन्सला उतरायचं आणि थोडं चालायचं. लाकडी खुर्च्या, चौकड्यांची टेबलक्लॉथ, काचेच्या कपाटात खारी आणि मावा केक. तुम्ही खात असाल तर खिमा पाव घ्या, आईंसाठी बन मस्का किंवा ब्रून मस्का. ब्रून म्हणजे वरून टणक कवच असलेला पाव. दातांचा त्रास असेल तर बनच बरा, किंवा ब्रून चहात बुडवून. चहा 'पानी कम' सांगितला की दाट येतो. जवळच 1913 चं 'ससानियन' आहे, तिथे गर्दी कमी. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितल्या, तेव्हा बेकरीवाल्यांत बरीच कुरबुर झाली. हवेसाठी ते योग्यच आहे. गॅसवरच्या ब्रूनचं कवच तसंच राहतं का, यावर मात्र इराण्यात बसून तासभर भांडता येतं.

अंडी, टोस्ट, चांगली कॉफी, गप्पा मारायला निवांत जागा असं 'कॅफे'वालं ब्रंचच हवं असेल तर फोर्टातलं 'काळा घोडा कॅफे' मला आवडतं. छोट्या गल्लीत आहे, आणि रविवारी फोर्ट रिकामा असल्यामुळे आईंना चालायला त्रास नाही. बांद्र्यात अशी ठिकाणं पैशाला पासरी आहेत. पण नुसता फोटो काढण्याजोगा टोस्ट पाऊण तास ताटकळत ठेवून आणणाऱ्या एका कॅफेत मी जे बिल भरलं, तेवढ्यात माटुंग्यात चौघं खाऊन पार्सल घेऊन आले असते. बांद्र्यात जायचंच तर हिल रोडवर 'हर्श बेकरी' गाठा. पफ आणि रोल घ्यायचे, बाहेर उभ्याने खायचे. तिथे बसून खाण्याचा थाट नाही. आईंना घेऊन गेलात तर हे ठिकाण वगळा.

काही गोष्टी मुद्दाम सोडल्या आहेत. भेंडी बाजारची नल्ली निहारी, म्हणजे मंद शिजवलेल्या मांसाचा रस्सा, सोबत आई असताना सुचवत नाही, एकटे आलात की 'नूर मोहम्मदी'ला जा. कांदिवली-घाटकोपरचा रविवारचा फाफडा-जिलेबी उत्तम, पण दोन दिवसांत तेवढ्यासाठी तिकडे जाणं परवडत नाही. परतीची गाडी सीएसएमटीहून असेल आणि वेळ हाताशी असेल तर स्टेशनसमोरच्या 'पंचम पुरीवाला'कडे पुरी-भाजी खा, गाडीत भूक लागणार नाही.

आणि दादरमध्ये ज्यांच्याकडे उतरताय त्यांच्या गल्लीत सकाळी सायकलला भोंगा लावलेला इडलीवाला अण्णा येतो का, ते विचारा. येत असेल तर एका सकाळी खाली उतरून चार इडल्या आणा. डबा घरून न्या, चटणी तो सढळ हाताने ओततो आणि प्लास्टिकच्या पिशवीतून ती हमखास गळते.