वडिलांशी अबोला, आणि व्हॅलिडिटीच्या यादीत त्यांचंच नाव

पत्र चार पानी आहे, म्हणून वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी बारावी सायन्सला. वाळवा तालुक्यात मामाच्या गावी आईबरोबर राहते. ती सहा वर्षांची असताना आई तिला घेऊन माहेरी आली ती आलीच. वडील विट्याकडे, त्यांचा दुसरा संसार आहे, एक मुलगा आहे. कोर्टाची पायरी कुणीच चढलं नाही. अकरा वर्षांत बापलेकीचं एक अक्षर बोलणं नाही. मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय, जात ओबीसीत. कॉलेजात व्हॅलिडिटीच्या, म्हणजे जात पडताळणीच्या दाखल्याच्या, कागदांची यादी हातात पडली आणि ती घरी येऊन रडली. ती लिहिते, ‘त्यांच्या दारात जाण्यापेक्षा मी ओपनमधून फॉर्म भरते. नाहीतर सरळ बीएस्सी करते, तिथं एवढं काही लागत नाही. आणि माझ्या नावामागचं त्यांचं नाव काढायला काय करावं लागतं तेही सांगा.’

अगं, बीएस्सी कर की, पण रसायनशास्त्र आवडतं म्हणून कर. वडिलांचा कागद लागत नाही म्हणून एखादा कोर्स निवडलास, तर ज्या माणसाशी तुला संबंधच ठेवायचा नाही, त्यानंच तुझं करिअर ठरवलं असं होईल.

ओपनचा हिशेब नीट बघ. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी (मराठा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर. तू ओपनमधून गेलीस की ही माफी गेली. ओबीसी असल्यामुळं ईडब्ल्यूएसचा दाखलाही तुला मिळणार नाही. म्हणजे तुझ्या मानाची किंमत तुझ्या आईनं शिवणकामातून भरायची. हे तुला चालेल असं तुझं पत्र वाचून वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. यादीत ‘वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला’ पहिल्या ओळीत आहे म्हणून तू तिथंच अडकलीस. ओबीसीसाठी मानीव दिनांक, म्हणजे ज्या तारखेआधीचा पुरावा बघतात ती तारीख, १३ ऑक्टोबर १९६७ आहे. त्याच्या आधीच्या कागदावर जात काय लागली आहे, याला जात पडताळणी समितीपुढं खरं वजन. तुझे वडील शाळेत गेले ते ऐंशीच्या दशकात. त्यांचा दाखला साखळी जोडायला लागतो, पण प्रकरण उभं राहतं ते आजोबांच्या कागदावर. तुला वडिलांपेक्षा आजोबांची गरज जास्त आहे, आणि आजोबांचं नाव त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या रजिस्टरात आहे, वडिलांच्या कपाटात नाही. वडिलांचंही बहुधा त्याच शाळेत असेल. शाळेला अर्ज द्यायचा: अमुक यांची नात, मुलगी, जात पडताळणीसाठी दोघांच्या प्रवेश-निर्गम उताऱ्याच्या सही-शिक्क्याच्या प्रती मिळाव्यात. सोबत तुझा जन्मदाखला जोड. कुणी ‘वडिलांना घेऊन ये’ म्हणालं तर वाद घालू नकोस, तोच अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घे.

आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंद, शोधायची. तिथं एखादा दिवस धुळीत जाईल. चुलत आजोबांची नोंद मिळाली तरी चालते, वडिलांकडचं रक्ताचं नातं असलं म्हणजे झालं. आणि चुलत भावंडांपैकी कुणाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल, तर तिची प्रत म्हणजे निम्मं काम झालं.

इथं तुझी आत्या येते. पत्रात तू तिच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यास: दर दिवाळीला ड्रेसचं कापड पाठवते आणि आई ते न शिवता पेटीत ठेवते. आत्याचा लग्नाआधीचा शाळेचा दाखलाही वडिलांकडच्या नात्याचाच पुरावा आहे, आणि कुणाच्या पोरांची व्हॅलिडिटी झालीय हे तिला तोंडपाठ असणार. तिला फोन कर. पण आईला अंधारात ठेवून नको. आईला आधी सांग की मी कागद आणायला चाललेय, नांदायला नाही. ती दोन दिवस बोलणार नाही कदाचित. थांब.

वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करताना एक जागा अवघड जाईल. पणजोबांपासून सगळी शाखा लिहावी लागते, त्यात वडिलांच्या दुसऱ्या घरातल्या मुलाचंही नाव येतं. तू पत्रभर त्याला ‘तो मुलगा’ म्हटलंयस. इथं नाव लिहावं लागेल. वगळू नकोस, पुढंमागं तो स्वतः व्हॅलिडिटीला गेला आणि दोन वंशावळी जुळल्या नाहीत, तर दोघंही अडकाल. प्रतिज्ञापत्रावर सही तुझी. अठरा पूर्ण नसतील तर पालक म्हणून आईची.

समिती वडिलांना बोलावेल का, असं तू विचारलंयस. कागद भक्कम असले तर सहसा वेळ येत नाही. समाधान झालं नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडं जातं आणि ते मूळ गावी चौकशी करतात, तेव्हा घरच्यांचा जबाब होऊ शकतो. म्हणून तर जुना कागद आधी शोध म्हणते. आणि उद्या वडिलांनी स्वतःहून दाखला पाठवला तर ठेवून घे. त्या बदल्यात तू त्यांना भेटणं लागत नाहीस.

नॉन-क्रीमी लेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्याला मात्र तहसीलमध्ये अडवतील, कारण कोर्टाचा कागद नाही. आई परित्यक्ता असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, रेशन कार्डावर तुम्ही दोघीच असल्याची प्रत आणि आईचं प्रतिज्ञापत्र घेऊन मामांबरोबर आधी तलाठ्याला भेटा. हे काम मामांवर सोपव, तू अभ्यास कर.

नाव बदलायचं म्हणतेस, ते व्हॅलिडिटी हातात आल्यावर. आता राजपत्रात नाव बदललंस तर दहावीच्या मार्कशीटपासून प्रत्येक कागदाला ‘ही तीच’ असं सिद्ध करत बसशील. नंतर आईचं नाव लावायचं असेल तर खुशाल लाव, माझी हरकत असायचं कारण नाही.

मागं माझ्याकडे अशाच परिस्थितीतली एक मुलगी होती. ती मैत्रिणीला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी लाल कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर काढलं, पानाच्या कडा बोट लावलं की तुटत होत्या. वडिलांच्या ओळीत शेवटच्या रकान्यात, शाळा सोडल्याचं कारण म्हणून लिहिलं होतं: गुरे राखणे. इयत्ता तिसरी. तिनं त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढला. मला दाखवला आणि म्हणाली, ‘मॅडम, हे मला माहीतच नव्हतं.’ मग उताऱ्याची फी कुणी भरायची यावर मैत्रिणीशी भांडत निघून गेली.

तुझ्याकडे परीक्षेआधी अजून वेळ आहे. शनिवारी जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या असतात. मामांना घेऊन पहिल्या एसटीनं जा आणि दहाच्या आत शाळेत पोच.